राखायची झाडं

ठकी दारात उभी होती आणि माझे सासरे चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किट तुटून कपात पडलं. त्यांनी बोट घालून ते काढलं, बोट चोखलं आणि मग विचारलं, "कोन गो तू?"

त्यांना माहीत होतं. वरच्या पाड्यावरची, वाघ्याची बायको. वाघ्या कालपासून रेंज ऑफिसच्या कोठडीत होता. त्याला पकडून नेणारे रेंजरसाहेब आत्ता आमच्याच खुर्चीत बसून आमचाच चहा पीत होते.

ही भिवंडीजवळच्या राहनाळची आमची वखार. मागे आरागिरणी, पुढे ऑफिस. सासऱ्यांना सगळे केसरीशेठ म्हणतात. मी फोन आणि बिलं बघते. इथे भुसा सगळ्यात असतो: केसांत, दातांत, चहावर तवंगासारखा. आधी किळस यायची. मग सवय झाली. त्या दिवशी पुन्हा किळस आली.

"शेठ, एकच बोला," ठकी म्हणाली. "सायबाला सांगा, कडं ह्यो शब्द तुमचा हाय."

*

कडं.

घरी: हातातलं, पायातलं. बारशाला मामा आणतो.

वरच्या पाड्यावर: कोयत्यानं झाडाची साल गोल सोलायची. वीतभर रुंद, आतलं पांढरं लाकूड दिसेपर्यंत. झाड पडत नाही. उभ्याउभ्या वाळत जातं. जिवंत झाड तोडायला दहा परवानग्या लागतात. मेलेल्याला फक्त कुऱ्हाड.

दर पावसाळ्यात आमचा मुकादम दौलत पाड्यावर जातो. "यंदा ओढ्याच्या बाजूला कडं घाला," एवढंच म्हणतो. हा शब्द सासऱ्यांनी आमच्या देवघराला पाठ करून, फोनवर, हसत हसत त्याला दिला होता. मी भाकऱ्या थापत होते.

रेंजरसाहेबांच्या तोंडी: छातीच्या उंचीवर ओढलेला गेरूचा पट्टा. ज्या झाडाला कडं, त्याला हात लावायचा नाही.

*

साहेब येऊन दोन वर्षं झाली होती. दोन्ही वर्षं मेलेली झाडं "आपोआप मेलेली" म्हणून त्यांनी पास केली. ती कशी मरतात हे त्यांनी कधी विचारलं नाही, म्हणून त्या मरणाला पाड्यावर काय म्हणतात तेही त्यांना कळलं नाही.

यंदा वरच्या पाड्याच्या डोंगरावर सरकारी कूप पडणार होता. कूप म्हणजे तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा. तोडतात पाड्यावरचीच माणसं, त्यांच्या जंगल कामगार संस्थेतर्फे. काही मोठी, बी धरणारी झाडं मात्र राखायची असतात. त्यांच्याखालीच पुढचं जंगल उगवतं.

पावसाळ्याआधी साहेबांनी पाड्यावर सभा घेतली. बोटानं झाडं दाखवली. हा ऐन, तो बिबळा, पलीकडचा साग. "ही राखायची," ते म्हणाले. "यांना कडं करून ठेवा. गेरूचा डबा पाठवतो."

डबा आला नाही.

पाड्यावरच्यांनी वाट पाहिली आणि मग आपापसांत अर्थ लावला. राखायची म्हणजे साहेबासाठी राखायची. आजवर राखीव म्हटलेली प्रत्येक गोष्ट कुणा ना कुणा मोठ्या माणसासाठीच राखलेली निघाली होती: राखीव जमीन, राखीव तळं, फार्महाउसवाल्याची राखीव वाट. साहेबाला ही झाडं हवीत, दुसरं काय? आणि डबा कशाला लागतो? वाघ्यानं कोयत्याला धार लावली. काळूराम, चांगदेव, ठकीसुद्धा, बाकीचेही गेले.

मन लावून काम केलं त्यांनी. एकही झाड सुटलं नाही.

आता ठाण्याहून मोठे साहेब राखलेली झाडं बघायला येणार होते. डोंगरावर सगळी उभी होती, पानाविना.

*

"कडं?" सासऱ्यांनी रेंजरकडे पाहिलं. "साहेब, आम्हाला कडं म्हंजे सोनाराकडचं म्हाईत. हिला करून पायजे काय एक?"

रेंजर हसले. त्यांच्या मिशीला बिस्किटाचा चुरा लागला होता. हसताना तो हलला, पडला नाही.

"दौलत म्हनतो तसं," ठकी म्हणाली. "तुमचा दौलत."

"दौलत गुजरातला गेलाय."

दौलत मागे आरागिरणीवर फळ्या मोजत होता. त्याचा आवाज ऑफिसात ऐकू येत होता. रेंजरही ऐकत होते. त्यांनी आणखी एक बिस्किट उचललं, आरामात, जेवण झाल्यावर पान उचलावं तसं.

*

लाकूड जातं कुठे, हे मला ठकीपेक्षा जास्त माहीत आहे. बिलं मीच करते.

साग डेपोत जातो, लिलाव होतो, मुंबईच्या दारांना लागतो. ऐन, धावडा, वाकडंतिकडं सगळं नारपोलीच्या सायझिंगला. तिथे सुताला खळ लावतात. खळ शिजवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर, बॉयलरला जंगल. धामणकर नाक्यावर रिक्षात बसलं की तो आंबट, शिळ्या पेजेसारखा वास नाकात घुसतो. लोक म्हणतात, हा लूमचा वास. मला त्यात पाड्यावरचा धावडा येतो. उरलेल्या लाकडाचे आम्ही पॅलेट करतो, गोडाऊनमधल्या खोक्यांखाली घालायला. अख्खा देश घरबसल्या जे मागवतो ते आधी भिवंडीत येऊन ऐनाच्या फळ्यांवर बसतं. लूमवाला, गोडाऊनवाला, ट्रकवाला, रिक्षावाला, मी, सगळे त्या डोंगरावर जगतो. पाड्यावरचे त्यातलं जळण गोळा करतात, आणि ते करताना सापडले तर त्यांचा कोयता जप्त होतो.

*

"हे बघ बाय," सासरे म्हणाले. त्यांनी आवाज मऊ केला. तो आवाज ते गिऱ्हाइकाला ओलं लाकूड विकताना वापरतात. "वाघ्याला कबूल करायला सांग. केलं, चुकलो, माफी. दंड मी भरतो. साहेब सोडतील. काय साहेब?"

"पहिलाच गुन्हा आहे," रेंजर म्हणाले. "कबुली दिली तर तडजोड करता येते."

"आनि मेलेली झाडं तोडायला मानूस लागंलच. त्यालाच घेऊ कामाला." सासऱ्यांनी मला खूण केली. "हिला च्या दे. काचेच्या ग्लासात."

आमच्याकडे कप वेगळे आणि काचेचे ग्लास वेगळे. मी उठले नाही.

"शेठ, ती झाडं तुमीच घेनार?" ठकीनं विचारलं.

"लिलावात. सरकारी रीतीनं."

"म्हंजे आमी चुकलो तरी लाकूड हितंच येनार."

"मग काय डोंगरावर कुजू द्यायचं?"

ठकी रागावलेली दिसली नाही. बाजारात वांगी उलटीपालटी करून बघावीत तसं ती आळीपाळीनं दोघांकडे बघत होती.

"बरं," ती म्हणाली. "कबूल करंल तो."

"शहाणी हायस."

"पर त्याला आर्धं बोलाया येत न्हाय. बोलाया लागला का पहिल्यापासून बोलतो. ओढ्याच्या बाजूचे ऐन सांगंल. मंग खिंडीतले. मंग मागच्या सालचे, देवराईच्या अंगाचे. कुनी सांगितलं, कोन ट्रक आला, सायबानं कोनतं झाड आपोआप मेलेलं म्हनून पास केलं, समदं. झाड इसरत न्हाय तो. मला इसरतो."

आरागिरणी नेमकी तेव्हाच बंद पडली. लाइट गेली असावी.

रेंजरनी कप खाली ठेवला. सासऱ्यांनी पायानं खुर्ची पुढे सरकवली. "बस ना. उभी कशाला?"

"नको. खुर्चीला भुसा हाय."

रेंजर फोन घेऊन बाहेर गेले. काचेतून दिसत होतं, ते एका हातानं मिशी पुसत होते. "जबाब घेऊ नका," एवढं मला ऐकू आलं. "नाही, अजिबात नको."

मी स्कूटीची चावी घेतली.

"तू कुठं?" सासरे.

"हिला सोडते."

"दौलत सोडंल."

"दौलत गुजरातला गेलाय, बाबा."

*

रेंज ऑफिसला पोचलो तेव्हा वाघ्या पायरीवर बसला होता. गार्डनं त्याला चहा दिला होता, तोही कपात. वाघ्यानं कप दोन्ही हातांनी धरला होता आणि पीत नव्हता.

"साहेबांचा फोन आला," गार्ड म्हणाला. "घरी न्या याला."

"जबाब?" ठकी म्हणाली.

"कसला जबाब? झाडांना कीड लागली. तसंच कळवायचं ठरलंय वर."

"दादा, साल सोललीय. खालच्या रस्त्यावरून दिसतं."

"कीड सालच खाते."

"कोयत्यानं?" वाघ्यानं विचारलं. त्याला खरंच कळायचं होतं. गार्ड मोठ्यानं हसला. हसता हसता त्यानं वाघ्याच्या पाठीवर थाप मारली. कपातला चहा वाघ्याच्या मांडीवर सांडला.

"मंग ती तोडनार कोन?" ठकीनं विचारलं.

"कोण म्हणजे? तुमचीच संस्था. सोमवारपासून. केसरीशेठचा ट्रक येईल."

ठकी वाघ्याशेजारी पायरीवर बसली. "लिवून घ्या," ती म्हणाली.

"काय लिहून घेऊ?"

"किडीचं नाव. तुमच्या मोठ्या सायबाला लागंल ना? कंची कीड ते?"

"ए बाई, सुटलाय ना तो? निघ आता."

"सुटला म्हनूनच बसलेय. आत असता तर रडली असती."

गार्डनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या कपड्यांकडे पाहिलं, आणि यात पडायचं नाही असं ठरवलं असावं. तो आत गेला. दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

ठकी दाराकडे तोंड करून किडीची नावं सांगायला लागली. ओरडली नाही. शाळेत हजेरी घेतात तसा सरळ आवाज.

"वाघ्या. काळूराम. मी, ठकी. चांगदेव. दौलत मुकादम. केसरीशेठ."

ती थांबली. माझ्याकडे वळली.

"वयनी, सायबाचं नाव काय?"

मी सांगितलं. तिनं ते दाराला सांगितलं. नाव कठीण होतं, तिच्या तोंडात वाकडं झालं.

दार उघडलं नाही. वाघ्यानं कप पायरीवर ठेवला. "असं नको," तो म्हणाला. "नुसती मानसं नको सांगू. झाडं बी सांग." आणि त्यानं ओढ्याच्या बाजूपासून सुरुवात केली.