पान एक्केचाळीस

वाचनालयाच्या अध्यक्षांना खोटं अजिबात खपत नसे, आणि त्याचा पुरावा म्हणून त्यांनी स्वतःच्या आयुष्यावर दोनशे चाळीस पानांचं पुस्तक लिहिलं होतं.

पुस्तकाचं नाव ‘थेंबाथेंबातून मी’. अध्यक्ष पाणीपुरवठा खात्यात तेहतीस वर्षं अभियंता होते. त्या काळात गावात जे पाणी आलं ते त्यांच्यामुळे आणि जे आलं नाही ते वरिष्ठांमुळे, एवढं त्या पुस्तकाचं सार. दोन प्रती त्यांनी स्वतःच्या हातानं वाचनालयाला भेट दिल्या आणि आत्मचरित्रांच्या कपाटात अगदी डोळ्यांसमोर लावून घेतल्या. दोन वर्षांत त्यांना हात लागला तो फक्त झाडणाऱ्या मावशींचा, तोही धूळ पुसण्यापुरता.

हे सगळं ताईला ठाऊक होतं, कारण ताई तिथली ग्रंथपाल होती. सायकलच्या दुकानावरचा तो लांबोडका हॉल, सोळा कपाटं, एक कुरकुरणारी शिडी आणि स्वतःचंच ऐकणारा पंखा, हा तिचा बावीस वर्षांचा संसार. सोळांतली बारा कपाटं सभ्य होती. चरित्रं, इतिहास, विचार, वगैरे वगैरे. उरलेल्या चार कपाटांवर सगळं वाचनालय चालत होतं: रहस्य, भय, विनोद आणि प्रेम.

आणि अध्यक्ष नेमक्या त्या चार कपाटांवर उठले होते.

“लोकांची अभिरुची नासवली आहे या कपाटांनी,” निवडून आल्यावर सहा महिन्यांनी त्यांनी जाहीर केलं. “वार्षिक सभेत ठराव आणतो. ही चार कपाटं रद्दीत. त्यांच्या जागी फक्त सत्य!”

ताईची नजर त्या चार कपाटांवरून फिरली. लग्न मोडून ती या गावात आली तेव्हा पहिलं वर्ष तिनं या चार कपाटांच्या जिवावर काढलं होतं. रडायला आलं की विनोद, राग आला की रहस्य, आणि जुन्या सासूची आठवण आली की भय, कारण पुस्तकातली चेटकीण निदान शेवटच्या पानावर मरायची तरी. सत्य तिनं भरपूर भोगलं होतं. ते कपाटात भरून ठेवावं असं तिला कधी वाटलं नव्हतं. पण सभेत मत सभासदांना होतं, नोकराला नव्हतं. तीन महिने हातात होते आणि करण्यासारखं काही सुचत नव्हतं.

अशात एके दिवशी काकू आल्या. काकू म्हणजे अध्यक्षांच्या पत्नी. दर सोमवारी कापडी पिशवी घेऊन यायच्या, चार पुस्तकं परत, चार पुस्तकं नवी. त्या दिवशी त्या आत्मचरित्रांच्या कपाटापाशी गेल्या, नवऱ्याचं पुस्तक मानगुटीला धरावं तसं धरून बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं.

“ताई, हे चुकीच्या कपाटात आहे.”

“काकू, आत्मचरित्र आहे ते.”

“तू वाचलंस?”

ताईनं शिक्क्याची गादी सरळ केली.

“नाही ना? मग ऐक. पहिलंच प्रकरण. धरण फुटायच्या बेतात, सगळे पळाले, आणि यांनी एकट्यानं दरवाजा उघडला. बरोबर त्याच दिवशी हे घरी झोपून होते. पोट बिघडलं होतं. औषध मी दिलं, गरम पाण्याची पिशवी मी दिली. एक माणूस एकाच वेळी धरणावर आणि अंथरुणात! याला रहस्यकथा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?”

आणि त्यांनी एक प्रत रहस्यकथांच्या कपाटात खोचली. दुसरी भयकथांत. ताई आडवी येऊ शकली असती, पण चार कपाटांचं दुःख ताजं होतं. तिनं चक्क कानाडोळा केला.

पुढे जे झालं ते काकूंनाही अपेक्षित नव्हतं. दातांचे डॉक्टर भयकथांवर पोसलेला माणूस. त्यांनी कव्हर न बघता पुस्तक नेलं आणि तिसऱ्या दिवशी परत आणलं. “भूत एकही नाही हो,” ते म्हणाले, “पण तो मुख्य अभियंता! तो फायलीवर शेरा मारतो ना, तेव्हा अंगावर काटा येतो. याचा दुसरा भाग आहे का?” मग काकूंनी ती प्रत विनोदात हलवली. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं निरोप समारंभाचं प्रकरण दुकानात वाचलं आणि हसता हसता एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. त्याच्याकडून त्याच्या मेहुण्यानं नेलं, मेहुण्याकडून बँकेतल्या कॅशियरनं. ‘थेंबाथेंबातून मी’साठी पहिल्यांदाच नंबर लागले.

आता त्या वाचनालयाची एक रीत सांगायला हवी. वाचनालयाचा शिक्का प्रत्येक पुस्तकाच्या पान एक्केचाळीसवर असे. शेकड्यांनी रहस्यकथा वाचणाऱ्यांना कोणती वाचली आणि कोणती नाही हे आठवत नाही, म्हणून पुस्तक पूर्ण संपलं की वाचक त्या शिक्क्याशेजारी पेन्सिलीनं आपापली बारीक खूण करीत. अर्धं सोडलेल्यावर खूण करायची नाही, हा नियम न लिहिता पाळला जाई. डॉक्टरांची फुली, शिंप्याची सुई, काकूंची चंद्रकोर. ताईला सगळ्या खुणा तोंडपाठ होत्या, एक सोडून. एक छोटी आडवी रेघ आणि खाली दोन टिंबं. प्रेमकथांत ती काकूंच्या चंद्रकोरीला चिकटून हमखास असे. भयकथांत एकटीच असे, चंद्रकोरीविना. ताई तिला बेवारस खूण म्हणत असे. बावीस वर्षांत तिचा धनी सापडला नव्हता.

सभा रविवारी सकाळी भरली. तीस खुर्च्या मांडल्या, एकोणीस भरल्या. काकू तिसऱ्या रांगेत विणकाम घेऊन बसल्या. अध्यक्ष उभे राहिले तेच मुळी फुललेल्या चेहऱ्यानं.

“ठराव मांडण्याआधी एक आकडा सांगतो,” ते म्हणाले. “गेल्या तीन महिन्यांत माझं पुस्तक अठरा वेळा वाचायला गेलं. अठरा! लोक सत्याला भुकेले आहेत, याहून मोठा पुरावा कोणता?”

ताई उठली.

“साहेब, आकडा बरोबर आहे. पण ते सत्याच्या कपाटातून गेलं नाही.” तिनं देवघेवीची वही उघडली. “रहस्य चार, भय पाच, विनोद नऊ.”

शिंप्याला ठसका लागला. मग तो ठसका रांगेरांगेनं पसरला आणि त्याचं रीतसर हसू झालं. अध्यक्षांचे कान लाल झाले.

“कोणी केला हा चावटपणा? असो! ज्यांना सत्य आणि कचरा यांतला फरक कळत नाही, त्यांच्यासाठीच हा ठराव आहे. या चार कपाटांतलं एक पानही मी आयुष्यात वाचलेलं नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे!”

असं म्हणून त्यांनी ठरावाचा कागद ओढला आणि सही ठोकली. एरवी वाचनालयाच्या कागदांवर ते घाईघाईनं आद्याक्षरं टाकत. आज पहिल्यांदाच पूर्ण सही केली, आणि सहीखाली, जोर आला म्हणून, एक आडवी रेघ मारली. रेघेखाली दोन टिंबं दिली.

ताई बघतच राहिली. मग ती भयकथांच्या कपाटाकडे गेली, हाताला लागलं ते पहिलं पुस्तक काढलं, पान एक्केचाळीस उघडलं आणि ठरावाच्या कागदाशेजारी ठेवलं. प्रेमकथांतलं एक आणलं. मग आणखी एक. चौथ्या पुस्तकाला अध्यक्षांनी हात वर केला.

“हे... ही कोणाचीही असू शकते,” ते म्हणाले.

“असू शकते की,” तिसऱ्या रांगेतून आवाज आला. काकूंनी सुया मांडीवर ठेवल्या होत्या. “भुताच्या गोष्टींनी मला घाम फुटतो. सदतीस वर्षं मी त्या कुणासाठी वाहून नेते, असं वाटलं तुम्हाला?”

“तुला माहीत होतं?”

“अहो, दुपारी मी पुस्तकात दोरा घालते विसाव्या पानावर. झोपून उठते तर दोरा साठाव्यावर. घरात आपण दोघंच. मांजरसुद्धा नाही.”

हॉल गडगडला. शिंपी खुर्चीवरून घसरला. डॉक्टर, ज्यांना व्यवसायामुळे तोंड मिटून हसायची सवय होती, तेही आ वासून हसले. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, घातला. आणि मग चिडलेला माणूस हाताशी येईल ते फेकतो तसं त्यांनी टेबलावरचं स्वतःचं पुस्तक उचललं.

“बरं! मी वाचतो, चोरून वाचतो. आणि तू? तू तर राजरोस वाचतेस सगळं. मग माझ्या पुस्तकावर तुझी खूण दाखव!”

त्यांनी पान एक्केचाळीस काढलं. फुली होती, सुई होती, आणखी डझनभर खुणा होत्या. दुसरी प्रत मागवली. तिच्यावरही चंद्रकोर नव्हती.

“तू माझं पुस्तक वाचलंच नाहीस,” ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता.

“वाचलं की. पान एकशे बारापर्यंत.” काकूंनी पुस्तक न बघता म्हणून दाखवलं. “‘याच सुमारास माझा विवाह झाला.’ पुढच्याच ओळीत नवा पंप येतो. पंपाला साडेतीन पानं आहेत. तिथं मिटलं. पुढं मी नव्हतेच, मग संपवू कशाला?”

यावर कोणीच हसलं नाही. ताईला इतके दिवस हा सगळा खट्याळपणा वाटला होता. आता तिला स्वतःची लाज वाटली.

अध्यक्षांनी ठरावाच्या कागदाची घडी केली. घडीची घडी केली. ती खिशात टाकली.

“ठराव मागे घेतो,” ते म्हणाले. “ताई, मला एक कार्ड करून द्या. माझ्या नावाचं.”

त्यांनी त्या कार्डावर जे पहिलं पुस्तक नेलं, ते त्यांचंच होतं.

ते तीन आठवड्यांनी परत आलं. अध्यक्ष स्वतः आले, दोन पुस्तकं टेबलावर ठेवली आणि ताईच्या नजरेला नजर न देता प्रेमकथांच्या कपाटाकडे गेले. त्यातला सगळ्यांत जाडजूड ठोकळा त्यांनी दिवसाढवळ्या काखोटीला मारला आणि कार्ड पुढे केलं. ताईनं शिक्का मारला.

दोन पुस्तकांतली एक कोरी प्रत होती. पुस्तकात शाईनं लिहिलं तर नवी प्रत आणून द्यायची, असा वाचनालयाचा नियम होता, आणि अध्यक्षांच्या पलंगाखाली अजून दीडशे पडल्या होत्या. दुसरी प्रत ताईनं पान एकशे बारावर उघडली.

‘याच सुमारास माझा विवाह झाला’ या ओळीपासून शाईची एक रेघ समासात गेली होती आणि तिथून पुढं अक्षरं सुरू झाली होती. समास भरला, मग पानाचा माथा, मग पाय. मग पंपाच्या ओळींच्या मधल्या जागा. मग चिकटवलेले कागद. पहिल्या भाड्याच्या खोलीत नळ ठिबकायचा. अख्ख्या गावाचं पाणी सांभाळणाऱ्या माणसाला घरचा नळ अकरा वर्षं दुरुस्त करता आला नाही. त्याची झोप मोडू नये म्हणून ती नळाखाली रुमालाची घडी ठेवायची. पहिल्या प्रकरणात धरणावर कोण होतं हे मला माहीत नाही, मी घरी होतो, पोटावर गरम पाण्याची पिशवी होती आणि उशाशी ती होती.

सगळीकडे काकूंची पेन्सिल फिरली होती. बाई मास्तरणीसारख्या तुटून पडल्या होत्या. ‘अकरा नाही, बारा वर्षं.’ ‘रुमाल नाही, तुमचा जुना बनियन.’ ‘हे बरोबर.’ ‘हेही बरोबर, पण सगळ्यांना कशाला सांगायचं?’

शेवटच्या चिकटवलेल्या कागदावर पंप सुरू झाला त्या दिवसाची हकीकत होती. सगळे अधिकारी पंपाकडे बघत होते. पाण्याचा फवारा उडाला, ती नखशिखांत भिजली आणि मोठ्यानं हसली, आणि मी पंपाकडे पाठ करून तिच्याकडेच बघत राहिलो, असं अध्यक्षांनी लिहिलं होतं.

त्याखाली पेन्सिलीनं दोनच ओळी होत्या.

‘त्या दिवशी मी माहेरी होते. हे असं घडलंच नाही. पण राहू दे.’

ताईनं पान एक्केचाळीस उघडून बघितलं. शिक्क्याशेजारी चंद्रकोर होती. तिनं पदरानं डोळे पुसले, शिडी ओढली आणि ते पुस्तक प्रेमकथांच्या कपाटात लावून टाकलं.