डोक्यावरची लाल गादी

खरं सांगू का मित्रांनो, हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा सुरुवात केली, दोनदा सोडून दिली. लाकडी डबा कुठे लिहितो, असलं काही विचारू नका. अडचण वेगळीच होती. यात माझी एक चूक आहे. आणि माझ्या दोस्ताचं एक गुपित आहे, चाळीस वर्षं आम्ही दोघांनीच जपलेलं. पण काल त्याने ते स्वतःच फोडलं, भर किनाऱ्यावर, सगळ्यांच्या देखत. मग मी एकट्याने तोंड शिवून कशाला बसू?

तर मी एक जुना डबा आहे. थॉर्नबे गावातल्या, समुद्राला खेटून असलेल्या पार्कमधल्या सगळ्यात जुन्या रोलर कोस्टरचा. तीन डब्यांची आमची गाडी, मी मधला. पार्कमध्ये आमच्या गाडीला सगळे 'म्हातारी'च म्हणतात, आणि तिला यंदा शंभर पूर्ण झाली.

मला होड्या बांधणाऱ्या सुतारांनी जोडलं. कोस्टर म्हणजे काय हे त्या बिचाऱ्यांनी पाहिलंही नव्हतं. त्यांनी आपली होडीच बांधली आणि खाली चाकं लावली! म्हणून तर पावसात मी फुगतो, पण फुटत नाही.

काय दिवस होते ते! उन्हाळ्यात एकेका गिरणीगावाला आठवड्याची सुट्टी मिळायची. गिरणीला कुलूप, दुकानांना कुलूप, आणि अख्खं गाव आमच्याकडे. सकाळी ज्यांच्याशेजारी मागावर उभं राहायचं, त्यांच्याच मांडीला मांडी लावून संध्याकाळी माझ्यात बसायचं. मागांच्या खडखडाटाने निम्म्यांचे कान गेलेले. त्यामुळे ओरडण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं! अंगावर मिठाचा वारा, हातात व्हिनेगर शिंपडलेल्या बटाट्याच्या चिप्स, आणि पहिल्या उतारावर त्या चिप्स थेट मागच्याच्या तोंडावर.

मग गिरण्या बंद पडल्या. लोक विमानात बसून उन्हाच्या देशात जायला लागले. माझा रंग उडाला. एका हिवाळ्यात तर सीगल पक्ष्याने माझ्या बाकाखाली घरटं केलं आणि ते मार्चपर्यंत कोणाला दिसलंसुद्धा नाही. वाईट वाटायचं. पण एक माणूस रोज यायचा. सेल्विन हेस्केथ. त्याचीच ही गोष्ट.

आमच्या गाडीला ब्रेकवाला लागतो. आजकालच्या गाड्या बटणावर थांबतात, आमची नाही. ब्रेकचा लोखंडी दांडा माझ्या पाठीतून वर येतो आणि एक माणूस तो धरून उभ्याने आख्खी फेरी मारतो. दोरखंड गाडीला चढावर ओढून नेतो, तिथून पुढे सगळं त्या माणसाच्या हातात. ब्रेक कमी लावला तर वळणावर गाडी झेपत नाही. जास्त लावला तर पुढचा चढाव चढायला जोरच उरत नाही. मग गाडी दोन चढावांच्या मधल्या खोलगट जागेत मागे-पुढे, मागे-पुढे डुलते आणि गप उभी राहते. त्या जागेला आमच्याकडे 'बशी' म्हणतात. बशीत बसलेली गाडी रहाटाने ओढून काढावी लागते, आणि लोकांना कडेच्या फळ्यांवरून चालत खाली आणावं लागतं.

आणि ब्रेकवाल्याला? त्याला शिक्षा. माझ्या बाकावरची लाल गादी डोक्यावर घेऊन समुद्राकाठच्या रस्त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. ही आमच्या पार्कची शंभर वर्षांची रीत. सगळ्यांना हे भोगावं लागलं. एका सेल्विनला सोडून. एक्केचाळीस वर्षांत त्याच्या डोक्यावर गादी कोणी पाहिली नव्हती. लोक त्याला जादूगार समजायचे. मी काही बोलायचो नाही.

आता त्याचे गुडघे गेलेत. सोमवारी ऑपरेशन. त्याच्या जागी यायला एकच जण तयार झाली, ब्रायनी ऑग्डन. तेवीस वर्षांची. चार वर्षं पार्कमध्येच डोनट तळत होती, तेलाचे डाग अजून हातावर आहेत. दोन महिने सेल्विनने तिला शिकवलं, आणि काल शनिवारी, शंभरीच्या दिवशीच, तिची परीक्षा. मॅनेजरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "दिवसभरात बारा फेऱ्या. एकदा अडकलीस तर गादी. दोनदा अडकलीस तर डोनट. आणि दुसरा ब्रेकवाला माझ्याकडे नाही, तेव्हा सोमवारपासून म्हातारीला कुलूप."

कुलूप! मित्रांनो, एकदा कुलूप लागलेली गाडी परत सुरू झालेली मी बघितलेली नाही.

आणि तरीही मी काय केलं, सांगतो.

सकाळी दहा वाजता दार उघडलं आणि काय गर्दी! बँड, फुगे, आणि शंभरीचं खास कार्ड. पार्कमध्ये जुने कोस्टर चार. एका दिवसात चारही करायचे, प्रत्येक फेरीनंतर कार्डाला एक छिद्र, आणि चार छिद्रं झाली की पितळी बिल्ला. पोरंसोरं, आजी-आजोबा, सगळे पळत सुटले! 'कॉमेट'वरून किंकाळ्या, 'ग्रेहाउंड'वरून किंकाळ्या, 'झिगझॅग'चा तो खडाखडा आवाज. माझी प्रत्येक फळी थरथरत होती.

माझ्यात पहिली बसायला आली थेल्मा क्रॉम्प्टन. वय अठ्ठ्याहत्तर. सहा वर्षांची असताना गिरणीच्या सुट्टीत आईबरोबर माझ्यात बसली होती, तेव्हापासून एक वर्ष चुकवलेलं नाही. नेहमी माझाच मागचा बाक. तिने ब्रायनीला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"काय गं, तू ती डोनटवाली ना?"

"होती. आता ब्रेकवाली."

"बघू हं. मला साखर नको, घरी पोचव म्हणजे झालं."

फक्त सहा जण बसले. गाडी हलकी, सकाळचा गारठा, वंगण थिजलेलं. आणि मी? मी रुसलेलो होतो. दांड्यावर सेल्विनचा हात नव्हता ना! एक्केचाळीस वर्षांची सवय. मी अंग चोरलं, मित्रांनो. चाकं मुद्दाम जड केली. बशीच्या अलीकडे एक पांढरा खांब आहे. तिथे ब्रायनीने शिकल्याप्रमाणे ब्रेक ओढला आणि तीन आकडे मोजले. भरलेल्या गाडीला तीन आकडे बरोबर असतात. हलक्या गाडीला एकसुद्धा जास्त होतो.

गाडी चढावाच्या अर्ध्यावर गेली, दमली, आणि मागे आली. मागे-पुढे. मागे-पुढे. गप.

"झालं," थेल्मा म्हणाली. "बसलो बशीत. चहा कोण ओततंय?"

सगळे हसले. ब्रायनी नाही हसली. थेल्माला हात धरून फळ्यांवरून खाली नेताना तिचे ओठ पांढरे पडले होते. अपुऱ्या फेरीला छिद्र मिळत नाही, म्हणून थेल्माचं कार्ड कोरंच राहिलं. मग ब्रायनीने माझ्या बाकावरची गादी उचलली, डोक्यावर ठेवली आणि चालायला लागली. उंचावरून मला सगळं दिसत होतं. लोक शिट्ट्या मारत होते. तिच्या जुन्या दुकानातली जेनीन ओरडली, "ये गं परत! कढई गरमच ठेवलीये!" ब्रायनीने मान वाकवली नाही. पण परत येऊन गादी जागेवर ठेवली तेव्हा तिने डोळे टिपलेली गादीची एक बाजू ओली होती.

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सेल्विन काठी टेकत आला. "पोरी, मी चुकीचं शिकवलं. आकडे शिकवले. आकडे विसर. बसलेत किती ते बघ, आणि ते बघ." त्याने काठीने कठड्याकडे दाखवलं. कठड्यावर सीगल रांगेत बसले होते, सगळ्यांच्या चोची समुद्राकडे. "वारा येतो तिकडे ते तोंड करून बसतात. चोच समुद्राकडे म्हणजे बशीनंतर वारा तुझ्या तोंडावर. चोच गावाकडे म्हणजे वारा पाठीशी."

"सेल्विन, तुम्ही हे दोन महिन्यांत का नाही सांगितलं?"

"मला कळतं हेच मला माहीत नव्हतं गं."

आणि मग जी मजा आली! ऊन चढलं, वंगण पातळ झालं, गाड्या खच्चून भरून यायला लागल्या. दुसरी फेरी, तिसरी, पाचवी! ब्रायनी एकदा माणसं बघायची, एकदा चोची बघायची, आणि दांडा असा हलका धरायची जसं कोणी झोपलेल्या मांजरीला उचलतं. मीही जीव तोडून पळालो. बँडवाले बसले तेव्हा तर कहर झाला. ट्युबावाल्याने आपलं भलंमोठं पितळी वाद्य खाली ठेवायला साफ नकार दिला. "हे माझ्याबरोबर येणार, नाहीतर मी नाही." शेवटी जहाजाचा जाडा दोर मागवून ते त्याच्या शेजारी माणसासारखं बांधलं. पहिल्या उतारावर त्याच्यात वारा शिरला आणि ते एकटंच वाजलं, बोंऽऽऽ! आख्खा किनारा हसला. अकरा फेऱ्या झाल्या. अकराव्या वेळी लोकांनी उतरताना ब्रायनीच्या पाठीवर थापा मारल्या.

पावणेसहा वाजले. सहाला पार्क बंद. रांग संपली होती. मॅनेजरबाई आल्या. "शाब्बास. अकरा पुरेत. बारावीला माणसंच नाहीत. उतर खाली, तू पास."

ब्रायनीने श्वास सोडला. आणि तेवढ्यात फाटकातून थेल्मा आली, धापा टाकत, पांढरे केस उभे, हातात कार्ड. तीन छिद्रं.

"'कॉमेट' झालं, 'ग्रेहाउंड' झालं, 'झिगझॅग'ने माझी कवळी हलवली. माझं एक छिद्र राहिलंय, डोनटवाली. सकाळी तूच ठेवलंस."

गाडीत एकटी थेल्मा. कठड्यावरचे सीगल पंख आवळून बसलेले, चोची समुद्राकडे, आणि वारा असा की झेंडे फाटायला आलेले. सकाळपेक्षा वाईट. अडकली तर दुसऱ्यांदा, म्हणजे परीक्षा गेली, म्हणजे मला कुलूप.

"उद्या या ना आजी," मॅनेजरबाई म्हणाल्या. "मी छिद्र असंच पाडून देते."

"बहात्तर वर्षांत मी इथे फुकटचं काही घेतलेलं नाही!"

ब्रायनीने सेल्विनकडे बघितलं. मग तिने फाटकाकडे तोंड करून हाक मारली, "जेनीन! कढई सोड! ये बस!" जेनीन आली, पिठाच्या हातांनी. मागून ट्युबावालाही आला, अर्थात ट्युबासकट. तिघं आणि एक वाद्य. बाकी पार्क रिकामं झालं होतं.

"चला," ब्रायनी म्हणाली, आणि दांडा धरला.

दोरखंडाने वर नेलं. वरून समुद्र नुसता चमकत होता. पहिला उतार, हूऽऽप! थेल्माची किंकाळी सहा वर्षांच्या पोरीची! वळण. ब्रायनीने दांडा जेमतेम टेकवला आणि सोडला. दुसरा उतार. समोर पांढरा खांब. वेग तर वाटत होता! कुठल्याही ब्रेकवाल्याचा हात तिथे आपोआप आवळतो. मला तिची बोटं जाणवली. आवळली.

"हात वर!" मागून थेल्मा ओरडली. ती तर नेहमीच ओरडते, कोस्टरवर सगळेच ओरडतात. पण ब्रायनीने दांड्यावरून दोन्ही हात काढले आणि खरंच वर केले!

मी काय सांगू! बशीत मी असा घुसलो की फळ्या करकरल्या. चढाव सुरू झाला आणि वारा भिंतीसारखा अंगावर आला. पाव चढाव. अर्धा. इथेच सकाळी दमलो होतो. ट्युबा घुमायला लागला. जेनीन म्हणत होती, "चढ, चढ, चढ गं म्हातारे!" पाऊण चढाव. मुंगीच्या चालीने. शंभर वर्षांत जेवढं बळ साठवलं होतं, सुतारांचं, गिरणीवाल्यांच्या आरोळ्यांचं, सगळं मी त्या शेवटच्या हातभर चढणीत घातलं. पुढचं चाक टोकावर आलं. थांबलं. म्हणजे मला तरी वाटलं थांबलं.

आणि पलीकडे कललं!

खाली फलाटावर मॅनेजरबाई उड्या मारत होत्या. थेल्माने कार्ड पुढे केलं, चौथं छिद्र पडलं, कट्! "आता साखर चालेल," ती ब्रायनीला म्हणाली आणि तिचा गालगुच्चा घेतला.

मग सेल्विन आत आला. त्याने माझ्या बाकावरची लाल गादी काढली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली.

"सेल्विन, हे काय?" ब्रायनी म्हणाली. "या वेळी मी अडकले नाही की!"

"ही तुझी नाही. माझी आहे. चौऱ्याऐंशी सालची." त्याने घसा साफ केला. "सकाळची रिकामी फेरी होती, दाट धुकं. त्याच पांढऱ्या खांबाला ब्रेक जास्त ओढला. बशीत बसलो. कोणी पाहिलं नाही. एकट्याने रहाट फिरवून गाडी काढली, तेव्हाच घसरून गुडघा गेला. सगळे म्हणायला लागले, सेल्विन कधीच अडकत नाही. मग सांगायचं राहिलं. सकाळी तू मान वर करून चाललीस ना पोरी, तेव्हापासून मला दिवसभर बसवेना."

आणि तो चालायला लागला. एका हातात काठी, एक हात गादीवर. ब्रायनीने त्याचा काठीचा हात धरला. पुढे ट्युबावाला वाजवत, मागे थेल्मा टाळ्या पिटत. बंद होणारी दुकानं परत उघडून लोक बघायला बाहेर आले. म्हाताऱ्याचं तोंड असं हसरं मी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, एक विनंती करतो. तुमच्या गावात कुठे एखादी जुनी गाडी, जुना झोका, जुना पाळणा असेल तर त्याला नुसता रंग फासून हार घालू नका. त्याला वंगण घाला. त्याला चालवणारा माणूस शिकवून ठेवा, वेळेत ठेवा. आणि त्या माणसाला एकदा अडकू द्या, हसा पाहिजे तर, पण परत दांडा हातात द्या.

फेरी मारून सेल्विन परत आला, गादी माझ्या बाकावर नीट बसवली, कोपरे दाबले. आजूबाजूला कोणी नाही असं बघून माझ्या कडेला हात ठेवला. "सकाळी तू अंग चोरत होतास," तो हळूच म्हणाला. "मला आवाजावरून कळलं. मी कोणाला सांगितलं नाही."

तुझं मी जपलं, माझं तू जपलंस. आता मीच सगळं लिहून टाकलं, म्हणजे फिटलं. सेल्विन, सोमवारी बिनघोर झोप. ती पोरगी पांढऱ्या खांबापाशी जेव्हा जेव्हा हात वर करेल, तेव्हा तेव्हा मी चढाव पार करेन. वचन.