निरोप दिलेले सर

आमच्या भूगोल विभागाच्या दादाभाऊ सरांना आम्ही निरोप दिला, आणि पुढच्याच आठवड्यात सर पुन्हा कामावर हजर झाले.

मंचरच्या आमच्या कॉलेजात निरोप समारंभ मे महिन्याच्या सुट्टीआधीच उरकतात, नाहीतर टाळ्या वाजवायला कुणी उरत नाही. सर कागदोपत्री मेअखेरीला निवृत्त व्हायचे होते, तोवर रजेवर जाणार होते; त्यांचंही शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं यथासांग झालं. सर रडले. अश्विनी मॅडमही रडल्या, आणि मला मनातून हसू येत होतं, कारण सरांची कायम जागा मॅडमनाच मिळणार हे शिपायालाही ठाऊक होतं. जागा भरायची परवानगीही आली होती. मॅडम कितीतरी वर्षं माझ्यासारख्याच तासिका तत्त्वावर; शिकवले तास तेवढेच पैसे, सुट्टीत ठणठणाट. राजुरीच्या त्यांच्या सासऱ्यांनी, चांगदेवांनी, साफ सांगून ठेवलं होतं, "या जूनला पक्की झालीस तर तुझी नोकरी. न्हाईतर घरचा गोठा बघायचा. लई वाट बघितली आमी."

तेवढ्यात कायदा झाला. विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या कायम प्राध्यापकांचं निवृत्तीचं वय साठाचं पासष्ट केलं. तासिकावाल्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. आम्ही कुणाच्या खिजगणतीतच नव्हतो.

सर आले ते खाली मान घालून. मला इतका संताप आला होता की मी नमस्कारसुद्धा केला नाही. मॅडमनी मात्र खुर्ची पुढे केली आणि शांतपणे विचारलं, कायद्याची सक्ती नाही, मागितली तर साठीलाच निवृत्ती मिळते ना? मिळते, सर म्हणाले. पण त्यांचा ऋतिक जुन्नरकडच्या एका कॉलेजात तासिकेवरच आहे, त्याचा संसार सरांच्याच पगारावर चालतो.

"त्याचं पक्कं कधी होणार, सर?"



"याच जूनमध्ये व्हायचं व्हतं," सर म्हणाले. "तिथल्या सरांनीबी आता पासष्टीपर्यंत ऱ्हायचं ठरवलंय."

तासिकावाल्याला राजीनामाही द्यावा लागत नाही. जूनमध्ये त्या आल्या नाहीत, एवढंच. त्यांचे तास सरांनी मला देऊ केले.

मी घेतले.