आठवं बटण

पस्तीस वर्षं बालवर्ग शिकवल्यामुळे घरातही सगळे त्यांना बाईच म्हणत. वर्गच्या वर्ग भरून पोरं त्यांनी बोलती केली होती, आणि सख्खी नात अडीच वर्षांची झाली तरी तिच्या तोंडून शब्द फुटेना. नाव चिमणी, घरातली चिवचिव मात्र सगळी आजीची.

कान तपासले, ते ठणठणीत निघाले. तेव्हा सून म्हणाली, "बाई, महिनाभर बघू. नाहीतर पाळणाघरात घालू. अर्ज आणून ठेवलाय."

"माझ्याजवळ बोलत नाही, ती तिथे बोलणार?" बाईंनी हसून उडवून लावलं, पण त्या दिवशी घास काही गोड लागला नाही.

मग त्यांनी कंबर कसली. "हे काय? चेंडू! कसा आहे? लाल! कुठे गेला? खाटेखाली!" प्रश्न त्यांचा, उत्तर त्यांचं, शाबासकीही त्यांचीच. चिमणी आपली नाटकाचं तिकीट काढून आल्यासारखी बघत बसे.

स्पीच थेरपिस्टने सुनेच्या मोबाइलवरचा या शिकवणीचा दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहिला. "आजी, तुम्ही त्रेचाळीस प्रश्न विचारलेत."

"मग! कसूर नाही ठेवली," बाई खुलल्या.

"उत्तरंही त्रेचाळीस. सगळी तुमचीच. पोरीने तोंड उघडायचं कधी? ती जे बघतेय त्यावर एकच वाक्य बोला आणि थांबा. मनात आठ मोजा."

पोरांना शंभरापर्यंत मोजायला शिकवणाऱ्या बाई घरी तिनाच्या पुढे जाईनात. शेवटी त्यांनी आठ बटणांचा जुना स्वेटर काढला. एक वाक्य बोलायचं, मग खालून एकेक बटण लावायचं. वरचं लागेपर्यंत तोंडाला कुलूप.

"थंडी वाजतेय का?" मुलाने विचारलं.

"नाही रे, शिकतेय."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी चेंडू कपाटाखाली गेला. "चेंडू गेला," म्हणून बाई बटणं लावू लागल्या. पाचव्याला जीभ वळवळली, सातव्याला ओठ थरथरले. चिमणी त्यांच्या बोटांकडेच बघत होती. आठवं बटण लागलं, तशी तिने मान वर करून विचारलं,

"झालं?"

बाईंना हसावं की रडावं कळेना. म्हणजे इतके दिवस पोर आपलं संपायची वाट बघत होती!

"झालं गं बाई, झालं."

"चेंडू दे."

संध्याकाळी सुनेने चपला काढता काढताच विचारलं, "चिमणे, आज काय केलंस?" उत्तर बाईंच्या जिभेवर तयार होतं. त्यांनी ते गिळलं आणि खालचं बटण धरलं. सहाव्या बटणाला चिमणी म्हणाली, "चेंडू गेला."

सून तिच्यापुढे उकिडवी बसली. "बोलली! अर्ज गेला केरात! परत म्हण ना! कुठे गेला? कपाटाखाली? कोणी काढला? आजीने? हो ना?"

चिमणीने तोंड मिटलं आणि ती शहाण्यासारखी वाट बघू लागली.

बाईंनी स्वेटर उतरवून सुनेच्या खांद्यावर टाकला. "घे. खालून सुरुवात कर."