चंद्रीचा पान्हा

सखूबाईचं तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि चंद्री म्हशीनं दूध चोरलं.

तिचं पारडू आधीच मेलेलं. त्यानंतर ती मोकळा पान्हा सोडायची ती फक्त सखूबाईच्या हाताला; तेरा दिवस पाहुण्या बायकांनी कसंबसं थोडं थोडं काढलं होतं. आता सखूबाईचा नवरा गेणभाऊ धारेला बसला की चंद्री अंग आखडून उभी राहायची. कास तटून दगड झाली होती आणि आता एक सड हाताला गरम लागत होता.

"वढा की जोरात," शेजारचा बहिरू म्हणाला.

गेणभाऊनं ओढलं. चंद्रीनं बादली लाथेनं उडवली.

"तुमची दाढी टोचत आसंल तिला," बहिरू हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "भाऊ, पान्ह्याचं इंजेक्शन आणतो. सुई टोचली की मुकाट सोडती. न्हाईतर सड जाईल, मंग कसाब बी इचारनार न्हाई."

"सांजच्याला बघू."

ओट्यावर त्याची लेक वैजयंती परीक्षेचं पुस्तक घेऊन बसली होती. आई गेल्यापासून ती मोठ्यानं वाचायची. घरात आवाज पाहिजे म्हणून.

"काय घोकतीस, बाय?"

"इंग्रजी शब्द, दादा. आतली गोष्ट बाहेर काढण्याचे. सगळे लॅटिनमधून आलेत. एक्सट्रॅक्ट म्हणजे ओढून काढणं. एक्सटॉर्ट म्हणजे पिळून काढणं."

"धुनं पिळतात तसं?"

"तसंच. पण माणसाला."

"म्हंजी बहिऱ्याचं इंजेक्शन."

दोघं हसले. आणि हसलो म्हणून दोघंही ओशाळले.

"आनि?"

"इलिसिट. चुचकारून, भुलवून बाहेर काढणं."

"सरकी ठिवली व्हती म्होरं. खाल्ली आन् तोंड फिरावलं."

"इव्होक," वैजयंती हळू म्हणाली. "हाक मारून बाहेर बोलावणं. मी पहाटे मारली हाक. आईसारखीच, ये गं माझे बाय म्हणून. चंद्रीनं कान टवकारले. दाराकडं बघत राहिली. कुणी येईना तेव्हा खाली मान घातली."

गेणभाऊनं गोठ्याकडं नजर वळवली.

"दादा, आजोबा आजीचं लुगडं पांघरून धार काढायचे म्हणे."

"पांघरलं काल. धुतलेलं व्हतं. हुंगलं आन् फुरफुरली."

न धुतलेलं एकच होतं. सखूबाई दवाखान्यात गेली त्या दिवशी सोडून ठेवलेलं हिरवं लुगडं. वैजयंती ते धुवायला नेत होती तेव्हा गेणभाऊनं तिच्या हातातून काढून घेऊन पेटीत ठेवलं होतं. तो रोज पेटी उघडायचा. मिसरी, खोबरेल आणि चुलीचा धूर. झाकण पटकन लावायचा, वास उडू नये म्हणून. गोठ्यात नेलं की तो वास संपणार, हे त्याला कळत होतं. ते पोरीलाही कळत होतं, म्हणून तिनं पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

दिवस कलला तसा तो गोठ्यात गेला. कासेला हात लावला. चंद्री कण्हली.

तो घरात आला, पेटी उघडली आणि लुगडं काढून डोक्यावरून घेतलं.

चंद्रीनं त्याची पाठ हुंगली. खांद्यापासून कमरेपर्यंत, सावकाश. आता हाक मारायला पाहिजे होती. त्यानं दाराकडं पाहिलं. वैजयंती तिथं उभी होती.

"ये गं माझे बाय," ती म्हणाली. "ये, ये."

म्हशीचं अंग सैल झालं. पहिली धार बादलीत वाजली, मग दुसरी. चंद्री लुगड्यावरून त्याची पाठ चाटायला लागली. घाटावर गेणभाऊ रडला नव्हता. बायका म्हणाल्या होत्या, रडवा त्याला कुणीतरी. आता त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

बादली भरली. लुगड्याला लाळ, शेण, दूध लागलं होतं.

"धुऊन टाकू, दादा?"

गेणभाऊनं ते नाकाशी नेलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग गोठ्यातल्याच खुंटीला अडकवलं.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "सकाळी लागंल."