उंब्रजच्या सहलीला गेलेला चित्रफळा

मित्रांनो, मला पाहिले की पुष्कळ मुले आधी खडू शोधतात. पण मी शाळेतला काळा फळा नव्हे. मी एक जुना चित्रफळा आहे. माझ्यावर कोणी लिहीत नाही. माझ्यावर ओला कागद ताणून बसवतात, कडेने खळ लावतात आणि कागद वाळून ढोलकीसारखा ताठ झाला, की त्यावर चित्र काढतात. चित्र पुरे झाले, की सुरीने कापून घेऊन जातात आणि मी पुन्हा कोरा. आम्हा चित्रफळ्यांचा जन्म असाच जातो. माझा मात्र तसा गेला नाही. का, ते सांगतो.

मला रहिमान सुतारांनी साताऱ्यात घडवले. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. पलटणीचे सामान ज्या देवदारी खोक्यांतून येई, ती खोकी मोडीत निघाली आणि त्यांतल्या चार फळ्या जोडून मी तयार झालो. माझा रंग फिकट तांबूस, आणि अंगाला अजून रानातला वास येत होता. मला करायला सांगितले होते चारुशीलाबाईंनी. सांगलीच्या कॉलेजात शिकलेल्या, लग्न होऊन साताऱ्याला आलेल्या. कडेवर त्यांची तीन वर्षांची पद्मा. त्यांनी पैसे द्यायच्या आधी माझ्या चारी कडांवरून तळहात फिरवला आणि म्हणाल्या, "चाचा, अजून जरा घासा. पोरीच्या बोटात कूस जाईल."

"बाई, कवापासून घासतोय," रहिमानचाचा म्हणाले. "आनखी घासला तर फळ्याचा पापड हुईल!"

तरी त्यांनी घासलेच. त्या बाईंपुढे कोणाचे चालत नसे. काळजी हा त्यांचा स्वभावच होता. मागल्या वर्षी पद्माला गोवर आला, तेव्हापासून तर लेकीला नजरेआड करणे त्यांच्या जिवावर येई. माझ्यावर कागद ताणून बसल्या, तरी एक डोळा कागदावर आणि एक पद्मावर. हातात कुंचला घेतला रे घेतला, की पद्मा जिन्याकडे निघायची. की चारुशीलाबाई उठल्या! परत येऊन बघावे, तर रंग वाळून डाग पडलेला. माझ्यावर त्यांची कितीतरी चित्रे अशी अर्धवट राहिली. मला फार वाईट वाटे, पण बोलणार कोणापाशी?

त्या वेळी साताऱ्यात चित्रे काढणाऱ्यांचे एक मंडळ होते. निवृत्त ड्रॉइंग मास्तर चिंतामणराव त्याचे सर्वेसर्वा. त्यांच्या ओसरीवर सगळे जमत. एका रविवारी त्यांनी पुढचे कार्यक्रम जाहीर केले : पौषात कागद ताणण्याचे प्रात्यक्षिक, माघात उंब्रजला नदीकाठी सहल, आणि फाल्गुनात सांगलीला प्रदर्शन. "पण नियम ऐका," ते म्हणाले. "प्रदर्शनाला चित्र लागेल ते सहलीत, जागेवर पुरे केलेले. घरी नेऊन नटवायचे नाही. आणि जाड कागद बाजारात मिळेनासा झाला आहे. माझ्या ट्रंकेत उरलेत, ते प्रत्येकाला एकेक. सांभाळून वापरा."

त्या दिवशी चारुशीलाबाई मला काखेत मारून घरी आल्या, त्या जवळजवळ धावतच. सासूबाई शालूबाई तांदूळ निवडत होत्या.

"पोरीला नदीवर नेणार? आणि तू चित्रे काढत बसलीस म्हणजे तिच्याकडे बघणार कोण?"

"मी बघीन की."

"डोळे किती आहेत गं तुला?"

चारुशीलाबाईंनी मला भिंतीला टेकवले. मग एकदम म्हणाल्या, "आई, एवढ्या एका सहलीला जाऊ द्या. सांगलीला माझे चित्र लागले नाही, तर रंगपेटी माळ्यावर टाकीन. पुन्हा विषय काढणार नाही."

"बघ हं," शालूबाई सुपातून नजर न उचलता म्हणाल्या. "मी काही मागितला नव्हता शब्द. तूच दिलास."

मित्रांनो, मी भिंतीला टेकून उभा होतो. ते ऐकून माझ्या सांध्यांत कळ आली. रंगपेटी माळ्यावर गेली, म्हणजे मी कुठे जाणार?

पौषात प्रात्यक्षिक झाले. चिंतामणरावांनी गव्हाच्या पिठाची खळ शिजवून दाखवली. "पातळ ठेवा. चिकटपणाचा हव्यास धरू नका." सगळ्यांनी माना डोलावल्या. चारुशीलाबाईंनी सगळ्यांत जास्त डोलावली. पण सहलीच्या आदल्या दिवशी घरी खळ करताना त्यांच्या मनात पाल चुकचुकली. मोटारीत हादरे बसतील. नदीवर वारा असेल. कागद सुटला तर? एकच तर कागद! त्यांनी खळ चांगली घट्ट केली, आणि तेवढ्याने समाधान होईना म्हणून तिच्यात गुळाचा एक खडा विरघळवला. मग कागद माझ्यावर असा बसला, की मी आणि तो जन्मोजन्मीचे सोबती! गोड वास सुटला होता. मला तो आवडलाही. पुढे काय होणार याची मला तरी कुठे कल्पना होती?

उंब्रजला आम्ही सर्व्हिस मोटारीने गेलो. मी टपावर, बाकीच्या फळ्यांच्या चवडीत. खाली उतरवले तेव्हा माझ्यावर बोटभर धूळ होती, पण कागद जसाच्या तसा. नदीचे पाणी कोवळ्या उन्हात चमकत होते. पलीकडे उसाचे फड, अलीकडे धुणी धुणाऱ्या बाया आणि त्यांचे बोलणे. मंडळी जागा धरून बसली. मंडळात लालासाहेब नावाचे एक तरुण गृहस्थ होते. डोक्याला रेशमी फेटा, आणि जिभेला धार. त्यांनी सगळ्यांत चांगली सावली पटकावली. चारुशीलाबाईंनी मात्र सावली बघितली नाही. त्यांनी पाण्यापासून सगळ्यांत लांबची जागा बघितली.

चित्र मोठे छान उतरू लागले. वर आभाळ, मध्ये पाणी, खाली काठावरच्या पायऱ्या. मला माझ्या अंगावर कुंचल्याचा गारवा कळत होता. थोडेच काम उरले होते, खालच्या कोपऱ्यातले. तेवढ्यात त्यांनी मान वर केली, तो पद्मा जागेवर नाही!

"पद्मा!"

त्यांनी मला बाभळीला टेकवले आणि धावत सुटल्या. पद्मा काही बुडत नव्हती. हरणाबाई नावाच्या एका धुणेवालीच्या शेजारी बसून ती आपले परकर-पोलके भिजवून घेत होती आणि एक फडके दगडावर आपटत होती. पण आईचे काळीज ते! लेकीला पोटाशी धरून त्या तिथेच तिचा परकर पिळत बसल्या.

इकडे माझ्या खालच्या कडेला काहीतरी ओले, खरखरीत लागले. मग गुदगुल्या झाल्या. एक फिकट तांबूस शेळी होती, हरणाबाईचीच. तिला गुळाचा वास आला होता. आधी तिने खळ चाटली. मग कडा कुरतडली. मग तिला चवच लागली! ओरडावे म्हटले, तर मला तोंड नाही. हलावे म्हटले, तर पाय नाहीत. माणसे येईपर्यंत शेळीने खालचा कोपरा, त्यावरच्या पायऱ्यांसकट, साफ केला होता.

"आगं, आगं, मुडदा बशिवला तुजा!" हरणाबाई ओल्या हातांनी धावत आली. "आवं बाई, कागुद खाल्ला की वो माज्या शेळीनं! आता काय करू मी? लय वंगाळ झालं!"

चारुशीलाबाई पद्माला घेऊन आल्या. नुसत्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या हातातली पद्माची ओली बाही ठिबकत होती.

"चला," लालासाहेब सावलीतून म्हणाले, "आपल्या मंडळाच्या चित्राची गोडी कोणाला तरी लागली म्हणायची!"

"लालासाहेब, तोंड आवरा," चिंतामणराव म्हणाले. मग हळूच, "चारुशीलाबाई, ट्रंकेत दुसरा कागद असता, तर लगेच दिला असता हो."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या आणि रंगपेटीचे झाकण लावू लागल्या. ते झाकण लागताना जो आवाज झाला, तो मला अजून आठवतो. ती पेटी पुन्हा उघडणार नाही, हे तिथे दोघांनाच ठाऊक होते. एक त्यांना आणि एक मला.

पद्मा आईच्या हातातून निसटून माझ्यापाशी आली. जिथे कागद गेला होता तिथे माझे तांबूस लाकूड उघडे पडले होते. तिने त्यावर बोट ठेवले. "आई, शेळीचं तोंड इथं होतं."

चारुशीलाबाई वाकल्या. एकदा शेळीकडे बघितले, एकदा माझ्याकडे. शेळी अजून तोंड हलवत होती. तिचा रंग आणि माझा रंग अगदी एक! त्यांनी पेटी उघडली. कुंचला घेतला आणि मग, सवयीने, पद्माकडे वळून बघितले.

तेव्हा हरणाबाईने पद्माला उचलून कडेवर घेतले. "पोरीचं माज्याकडं लागलं. माजी चार हायेत, त्यातली एक समजते. तुमी हिकडं बघू नगा. तुमचं काम करा."

"पण ती पाण्याकडे—"

"बाई, म्या काय आज नदी बघतीया व्हय? बसा गुमान!"

आणि मित्रांनो, चारुशीलाबाई बसल्या. शेळीसाठी त्यांना रंग फारसा लागलाच नाही. माझे लाकूडच तिचे अंग झाले. त्यांनी फक्त तिचा डोळा काढला, झुकलेला कान काढला, हनुवटीखालची दाढी काढली आणि कुरतडलेल्या कागदाची कड बरोबर तिच्या ओठांत दिली. पद्मा मागे हसत होती, हरणाबाई तिला काहीतरी सांगत होती. चारुशीलाबाईंनी एकदाही मागे वळून पाहिले नाही. इतका वेळ सलग त्या माझ्यापुढे कधी बसल्या नव्हत्या. त्यांच्या हाताला काय चपळाई आली होती म्हणून सांगू!

मंडळाची एक चाल होती. ज्या गावी सहल गेली, त्या गावाला आधी चित्रे दाखवायची आणि मगच मोटारीत बसायचे. देवळाच्या पारावर सगळी चित्रे ओळीने लावली. गावकरी आले. लालासाहेबांच्या चित्रापुढे लोक आदबीने उभे राहिले, मान हलवली आणि पुढे सरकले. माझ्यापुढे आले आणि सरकेनातच.

"आरं, ही तर हरणाबाईची शेळी!"

"व्हय की! नदी खातीया बघ, पायऱ्या खाऊन झाल्या!"

"आवं मास्तर, बेगीनं हलवा हितनं, न्हाईतर आभाळ बी खाईल!"

पार हसून हसून हलू लागला. लालासाहेबांना मात्र ते रुचले नाही. "हे सांगलीला न्यायचे? हे फळ्यावरून कापताही यायचे नाही. अर्धे कागदावर, अर्धे लाकडावर. सांगलीकर हसतील आपल्याला."

"हसू देत की," चिंतामणराव म्हणाले. "प्रदर्शनात जांभया देणारे मी पुष्कळ पाहिलेत. हसणारे पाहायचे राहून गेलेत. जागेवर काढले, जागेवर पुरे केले. फळ्यासकट टांगू."

अशा रीतीने मी सांगलीला गेलो. एका शाळेच्या मोठ्या खोलीत, भक्कम दोरीने, बाकीच्या चित्रांच्या बरोबरीने भिंतीवर चढलो. मला कधी कोणी भिंतीवर टांगले नव्हते. तेवढ्या उंचीवरून गरगरल्यासारखे झाले, पण मजा वाटली! मुले बोट लावून बघत, शेळी खरी की खोटी. पालक म्हणत, हात लावू नका, आणि मग स्वतःच लावत.

दुसऱ्या दिवशी शालूबाई आल्या. पदर सावरून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. चारुशीलाबाई पद्माचा हात धरून जरा मागे उभ्या होत्या. शालूबाईंनी शेळी बघितली, पाणी बघितले, खालच्या चिठ्ठीवरचे सुनेचे नाव ओठ हलवत वाचले. एवढ्यात शेजारच्या एका बाईंनी विचारले, "काय हो, शेळीने खरेच कागद खाल्ला असेल का?"

"असेल का म्हणजे?" शालूबाई फणकारल्या. "खाल्लाच! खळीत गूळ होता ना. आमच्या घरचा गूळ, शेळी काय, माणूसही सोडायचा नाही!" आणि त्यांनी ती सगळी हकीकत, शेळीच्या दाढीपर्यंत, अशी रंगवून सांगितली की कोणालाही वाटावे, या स्वतः उंब्रजला हजर होत्या. भोवती गर्दी जमली. मग गर्दीतून वाट काढत त्या थेट चिंतामणरावांपाशी गेल्या.

"मास्तर, पुढची सहल कुठे काढताय?"

"कुपवाडच्या माळावर म्हणतोय."

"तिथे पाणी नाही ना फारसे? बरे झाले. पोरीला घेऊन मी बसेन. हिला चित्र काढताना मागे वळून बघायची खोड आहे, ती मोडायला हवी."

चारुशीलाबाई हसल्या की रडल्या, ते मला भिंतीवरून नीट दिसले नाही. पद्माला मात्र त्यांनी इतके घट्ट धरले, की ती ओरडली.

पुढे माझे सगळेच दिवस असे गेले नाहीत. माझ्यावरचे चित्र कापता येईना, म्हणून नवीन चित्रांसाठी रहिमानचाचांनी दुसरा फळा केला. मी मंडळाच्या कपाटामागे गेलो. चारुशीलाबाई दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या. पावसाळ्यात मला ओल लागली, गुळाला मुंग्या आल्या, कोणीतरी माझ्यावर चहाचा पेला ठेवला, त्याचे कडे आभाळात उमटले. त्या परत आल्या, मला शोधून काढले, मऊ फडक्याने पुसले, सावलीत वाळवले. चहाचे ते कडे मात्र गेले नाही. लोकांना वाटते, चंद्र आहे.

आता मी मंडळाच्या दारापाशी असतो. माझ्याखाली यंदाच्या कार्यक्रमांचा कागद लावला आहे : आधी मुलांसाठी कागद ताणण्याचा वर्ग, मग माहुलीच्या घाटावर सहल, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पुन्हा सांगली. मित्रांनो, तुम्ही जरूर या. फळा ओलीत ठेवू नका, त्यावर पेले ठेवू नका, खळ पातळ करा. आणि तुमच्या घरात कोणी कागद ताणून बसली असेल, तर तिचे लेकरू घटकाभर कडेवर घ्या. ते लेकरू तुम्हीच असाल, तर घटकाभर दुसऱ्याच्या कडेवर जा. आई कुठे जात नाही. चित्र पुरे करून ती येतेच.