शुक्रवारचं पाणी

ईस्टरआधीचा उपासाचा महिना लागला तशी डानेल्सीने एकच टुमणं लावलं होतं: मला पाण्यात खेळायला ने. सहा वर्षांची पोर, पण हट्टाला साठ वर्षांची. "जवळ कुठे पाणी आहे, आई? चालत जाता येईल असं?" नुरिस म्हणायची, "नेते." नेते म्हणायला काय लागतं. जानेवारीपासून ती कुणालाही, कशालाही हो म्हणत होती. हो म्हटलं की माणसं लवकर गप्प होतात.

आता सांतो दोमिंगोत, नदीपलीकडच्या आमच्या वस्तीत राहून जवळ पाणी कुठे आहे असं विचारायचं म्हणजे गंमतच. गच्चीवर चढलं की समोर समुद्र. पण त्या घरात तो शब्द उच्चारायची चोरी होती.

जानेवारीच्या सुरुवातीचा तीन राजांचा सण झाला आणि नुरिसचा नवरा विल्टन पूर्वेच्या किनाऱ्यावरून होडीत बसून पोर्तो रिकोला निघाला. चोरूनच. उजळ माथ्याने तिकडे जाण्याएवढी पत आमच्यात कुणाची आहे? होडी वाटेत उलटली. काही जण जिवंत सापडले, काही मेलेले सापडले, काही सापडलेच नाहीत. विल्टन न सापडलेल्यांत होता. पोरीला एवढ्यात काही सांगायचं नाही असं मोठ्या माणसांनी ठरवलं. बाबा तिकडे कामाला गेलाय, फोन लागत नाही, बस्स. एरवी कुणाच्या घरात काय शिजतं ते चव्हाट्यावर आणणारी आमची वस्ती, पण या एका गोष्टीवर सगळ्यांनी मूग गिळले.

नुरिस रडली नाही. रडायला येईल म्हणून तिने वाट पाहिली, ते आलं नाही, मग ती कामावर गेली. कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये ती बायकांचे केस धुवायची. ईस्टरच्या सुट्टीआधी तिथे पाय ठेवायला जागा नसते, प्रत्येकीला केस सरळ करूनच देवापुढे जायचं असतं. "अगं ए, सोलून काढतेस का मला?" खुर्चीतली बाई ओरडायची. "पाणी आहे का निखारे?" नुरिस नळाखाली हात धरून बघायची. तिला ना गरम लागायचं ना गार. ती अंदाजाने तोटी फिरवायची आणि बाई गप्प झाली की थांबायची.

घरी सासू होती, लेओकादिया. म्हातारीचं रडून झालं होतं आणि आता ती कामाला लागली होती.

"ईस्टर झाला की मी नऊ दिवसांची प्रार्थना मांडणार," तिने बजावलं. "माझ्या लेकाला अजून कुणी एक मेणबत्ती लावलेली नाही."

"देहच नाही, आई. कुणापुढे लावायची?"

"देवापुढे. आणि त्याच्याआधी पोरीला सांग. काळे कपडे घालून बायका दारात आल्यावर तिला कळायला नको. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि मला ते नीट जमायचं नाही."

"सांगते," नुरिस म्हणाली.

तिने मनात बांधलं असं: आधी पोरीला एकदा पाण्यात मनसोक्त खेळवायचं, मग घरी येताना सांगायचं. भिजलेली, दमलेली, हसलेली पोर असेल, तर कदाचित कमी लागेल. हा हिशोब किती खुळा होता ते तिला कळत नव्हतं असं नाही. पण तिच्याकडे दुसरा नव्हता.

बुधवारी पार्लर दुपारीच बंद झालं. टॉवेल, कोरडे कपडे, केळी पिशवीत घालून दोघी मोठ्या बागेत गेल्या. तिथे जमिनीतून कारंजी उडतात आणि पोरं त्यांतून पळतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. कारंज्यांची भोकं होती, पाणी नव्हतं. पाइप दुरुस्तीला उघडा पडला होता आणि त्याच्या कडेला एक कुत्रं झोपलं होतं. सुट्टीच्या आठवड्यातच दुरुस्ती काढायची अक्कल ज्याची असेल त्याला माझा दंडवत. डानेल्सीने मात्र तोंड पाडलं नाही. ती सरळ रखवालदारापाशी गेली.

"काका, शुक्रवारी उघडं असेल का?"

"मोठ्या शुक्रवारी?" रखवालदार हसला. "येशू क्रूसावर गेला त्या दिवशी पाण्यात उतरलीस तर मासा होशील. आजीने सांगितलं नाही वाटतं?"

"सांगितलंय," डानेल्सी गंभीरपणे म्हणाली.

गुरुवारी सकाळी दोघी बसने मोठ्या दुकानांच्या इमारतीत गेल्या. तिथे पोरांसाठी पाण्याचं अंगण केलेलं, वरून बादल्या उलटतात वगैरे. रांग जिन्यापर्यंत आलेली. दारावरची मुलगी म्हणाली, खास पोहण्याचे कपडे हवेत, चड्डी-बनियन चालणार नाही. नुरिसने एकदा पोरीच्या बनियनकडे पाहिलं आणि भांडली नाही. पूर्वीची नुरिस असती तर त्या मुलीला ती वर्षभर पुरेल एवढं ऐकवून आली असती. डानेल्सीने इथेही विचारलं, "शुक्रवारी उघडं असतं?" नसतं, असं कळल्यावर ती स्वतःच दाराकडे वळली.

परतीच्या बसमध्ये सगळी वस्ती समुद्रावर निघाली होती. कुणाच्या मांडीवर बर्फाचा डबा, कुणाच्या गळ्यात हवेची ट्यूब. एक बाई प्रेमाने म्हणाली, "अहो, पोरीला किनाऱ्यावर न्या की. फुकट आहे." नुरिस खिडकीबाहेर बघत राहिली. डानेल्सी आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

आणि घराच्या गल्लीत शिरतात तो काय, काखेत कळसा नि गावाला वळसा. शेजारच्या फिओरने अंगणात निळा प्लॅस्टिकचा हौद फुगवून ठेवलेला. फिओर ही डानेल्सीची बाप्तिस्म्यातली धर्मआई, देहाने आडवी, आवाजाने उभी. गच्चीवरच्या टाकीची नळी तिने हौदात सोडली होती आणि गल्लीतली चार पोरं आधीच आत कालवा करत होती.

"तुम्ही कुठे भटकताय गं?" ती ओरडली. "पाणी शोधायला गेली म्हणे. मी मेले होते का? ये गं डाने, काढ ते सँडल."

डानेल्सी हौदाच्या कडेला उभी राहिली. तिने पाण्यात एक बोटसुद्धा घातलं नाही.

"आज नको, फिओरमावशी. उद्या."

"उद्या? उद्या मोठा शुक्रवार. उद्या माझ्या घरात झाडू लागत नाही, खिळा ठोकत नाही आणि पाण्यात कुणी उतरत नाही. उद्या हौदावर ताडपत्री. आज ये नाहीतर परवा."

"बरं," डानेल्सी म्हणाली, आणि घरात जाऊन बसली.

"हिला झालंय काय?" फिओरने हळूच विचारलं. "सांगितलंस का तू?"

"नाही. पाण्यात खेळली की सांगणार होते."

फिओरने नुरिसकडे बघितलं. मग घरात जाऊन तिने घेवड्याच्या, वर बिस्किटं टाकलेल्या गोड खिरीचं पातेलं आणलं आणि नुरिसच्या हातात ठेवलं. या आठवड्यात आमच्याकडे प्रत्येक घरातून प्रत्येक घरी ही खीर जाते. नुरिसच्या घरी सात प्रकारची जमली होती. तिने सगळ्यांतली एकेक वाटी खाल्ली होती आणि तिला सगळ्या सारख्याच लागल्या होत्या.

शुक्रवारी दुपारी गल्लीत शुकशुकाट होता. रेडिओ बंद, डॉमिनोच्या सोंगट्या बंद, खारवलेला मासा आणि खीर खाऊन लोक आडवे झालेले. लेओकादिया जपमाळ हातात धरून बसल्या बसल्या घोरत होती. नुरिस पलंगावर डोळे उघडे ठेवून पडली होती. शेजारी पोर नाही हे तिच्या बऱ्याच वेळाने ध्यानात आलं.

ती धावली नाही. ती उठली, मागच्या दाराने फिओरच्या अंगणात गेली. ताडपत्री एका बाजूने उचललेली होती. डानेल्सी गळ्यापर्यंत पाण्यात बसली होती, ताठ, डोळे मिटून, प्रार्थनेला बसावं तशी. तिच्या मनगटाला एक प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली होती, तोंडाशी तीन-चार गाठी मारलेली.

"डाने. बाहेर ये."

"थांब ना. आत्ता सुरू झालंय." तिने दोन्ही हात वर काढून दाखवले. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती. "बघ. खवले येतायत."

"कसले खवले?"

"माशाचे. आजी म्हणते, आज पाण्यात बसलं की माणूस मासा होतो. मी सकाळपासून देवाला सांगून ठेवलंय, मोठा नको, मध्यम कर."

"कशाला गं व्हायचंय तुला मासा?"

डानेल्सीने आईकडे असं पाहिलं, की एवढंही कसं कळत नाही.

"बाबाला आणायला. त्याला पोहता येत नाही."

नुरिसने हौदाची कड धरली.

"बाबा तिकडे कामाला..."

"तो समुद्रात आहे."

"कोणी सांगितलं तुला? आजीने? फिओरमावशीने?"

"कुणीच नाही. तुम्ही सगळे समुद्राचं नावच घेत नाही. सगळे तिकडेच जातात आणि तू मला बागेत नेतेस." तिने पिशवी उचलून दाखवली. "मी त्याचा शर्ट घेतलाय. बाबा इतके दिवस ओला असेल ना. आणि बिस्किटं. खिरीतली नाही, कोरडी."

पिशवीतून विल्टनचा पिवळा शर्ट दिसत होता. नीट घडी घातलेला. पाण्याचा थेंब आत जाऊ नये म्हणून त्या गाठी होत्या.

नुरिसला वाटलं, आता म्हातारीला उठवावं. तिने म्हटलंच होतं, मी सांगेन म्हणून. फिओरला हाक मारावी. पण पोर तिच्याकडे बघत होती, बोटं पुढे धरून, आणि उत्तर तिलाच द्यायचं होतं. तिने चपला काढल्या आणि अंगातल्या कपड्यांनिशी हौदात उतरून तिच्यासमोर बसली. पाणी काठावरून सांडलं.

"तू पण?" डानेल्सीचे डोळे चमकले. "मग आपण दोघी जाऊ."

"इकडे बघ." नुरिसने आपले हात तिच्या हातांशेजारी धरले. "माझी बोटं बघ. पार्लरमध्ये रोज संध्याकाळी अशीच होतात. तुझ्याहून जास्त. मी किती वर्षं पाण्यात हात घालून उभी आहे, झाले का मी मासा?"

"पण ते मोठ्या शुक्रवारी नसतं."

"शुक्रवारीसुद्धा नाही होत, बाळा. कुणीच नाही होत. ते आजी लोक पोरांनी एक दिवस गप्प बसावं म्हणून सांगतात."

डानेल्सी आपल्या बोटांकडे बघत राहिली. मग तिने पाण्याखाली पाय हलवून पाहिले, एक, मग दुसरा. पाय पायच होते.

"मग त्याला कोण आणणार?"

"कोणी नाही." नुरिसचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "बाबा मेला, डाने. होडी उलटली तेव्हाच मेला. तो येणार नाही. मी तुला खोटं सांगितलं."

हे वाक्य तिने आजवर कुणाकडेही म्हटलं नव्हतं. सासूकडे नाही, आरशात नाही. म्हणून झाल्यावर ते अंगणात तसंच राहिलं, परत घेता येईना.

डानेल्सीने पिशवी छातीशी धरली. मग विचारलं, "त्याला थंडी वाजत असेल?"

"नाही. आता नाही वाजत."

"नक्की?"

"नक्की."

तेव्हा पोर रडायला लागली. मोठ्याने नाही, आज शुक्रवार आहे आणि मोठ्याने काही करायचं नसतं हे तिला ठाऊक होतं. नुरिसने तिला मांडीवर ओढलं. काल सकाळपासून उन्हात तापलेलं पाणी कोमट होतं. कोमट आहे हे नुरिसला कळलं, आणि कळल्याबरोबर तिला रडू आलं. तिने मात्र शुक्रवार सांभाळला नाही.

आवाजाने फिओर बाहेर आली. मोठ्या शुक्रवारी आपल्या हौदात दोन माणसं बघून तिने तोंड उघडलं, पण त्या पिशवीतला शर्ट तिच्या ओळखीचा होता. ती परत आत गेली आणि दार हळूच ओढून घेतलं.

ऊन भिंतीवर चढलं तशी डानेल्सी कुडकुडायला लागली. टॉवेल कुणीच आणला नव्हता. बुधवारी, गुरुवारी दोघी शहरभर कोरडा टॉवेल नाचवत हिंडल्या होत्या, आणि आज नेमका घरी. नुरिसने पोरीच्या मनगटावरून पिशवी सोडवली. गाठी घट्ट होत्या, दातांनी ओढाव्या लागल्या. शर्ट अगदी कोरडा होता. तिने नाकाशी धरला. साबणाचा वास आला, बाकी कुणाचाच नाही, कारण जानेवारीत तिनेच तो धुऊन ठेवला होता.

"तो बाबाचा आहे," डानेल्सी म्हणाली.

"हो," नुरिस म्हणाली, आणि त्या शर्टाने तिचे केस पुसायला लागली.